'चालतंय'ची शिकवणी

सोमवारी सकाळी पंडितानं वाळूत आणखी पाणी घालायला सांगितलं आणि साच्यांच्या खात्यात हशा पिकला.

"वाळूतील पाण्याचे प्रमाण साडेचार टक्के करावे," खांबावरच्या कर्ण्यातून इस्त्री केलेल्या आवाजात पंडित म्हणाला. "धन्यवाद."

"साडेचार?" दस्तगीर शिकलगार ओरडला. तो खरं तर घासाईतला, पण कुठं मजा चालली असली की त्याचा ग्राइंडर आपोआप बंद पडायचा. "साचं करायचं का भज्याचं पीठ कालवायचं? कांदा चिरून आणू का, आण्णा?"

दोन नंबरच्या मळणीयंत्रावर वाळू मळणारे आदगोंडा आण्णा हेरवाडे हसले नाहीत. त्यांनी गुमान पाण्याचा नळ सोडला.

आणि आणखी एक माणूस हसलं नाही. पंधरा पावलांवर हातोडीच्या टेबलाशी उभी असलेली राजमती मगदूम. बावीस वर्षं ती या टेबलाशी उभी होती. आकड्याला लटकून कास्टिंग यायचं, राजमती पितळी हातोडीनं त्याला एक टोला द्यायची आणि कान लावायची. अंगानं भरीव असलं तर ते देवळातल्या घंटेसारखं लांबवर वाजत राहायचं. आत पोकळी असली तर बद्द. फुटक्या मडक्यासारखं. आवाज निघतो न निघतो तोवर मेलेला.

कोल्हापूरच्या बाहेरच्या औद्योगिक वसाहतीत 'सिंहनाद कास्टिंग्ज' होतं. तिथं विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांच्या ब्रेकची लोखंडी कास्टिंगं ओतली जात. त्याच बसगाड्या भरल्या माणसांनिशी आंबा घाट उतरत, फोंडा घाट उतरत. त्यामुळं बद्द म्हणजे काय, हे राजमतीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ओतकामाची वाळू म्हणजे नुसती वाळू नव्हे. तिच्यात चिकणमाती असते, कोळशाची भुकटी असते आणि शंभराला तीन-सव्वातीन भाग पाणी असतं. पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो. जास्त झालं तर चौदाशे अंशांचा लोखंडाचा रस आत उतरताच त्या पाण्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट सापडत नाही, ती रसात शिरते, रस थिजतो आणि वाफ तिथंच अडकते. वरून कास्टिंग देखणं, पोटात पोकळ. मळणीयंत्रावर पाणी मोजायचा काटा असतो, पण तो तासाभरात चिकणमातीनं लिंपून जातो आणि मनाला येईल ते दाखवतो. म्हणून जुनी माणसं मुठीवर भरवसा ठेवतात. वाळू मुठीत दाबायची, गोळा मोडायचा, बोटांना जे कळतं ते खरं.

मग बोलकी वाळू आली. वाळूच्या दाण्याएवढेच चिनीमातीचे दाणे, पण प्रत्येकाच्या पोटात एक सूक्ष्म यंत्र. एका साच्यात असे दोनशे दाणे मिसळायचे. रस अंगावर आला की जळून जायच्या आधी, पापणी लवायच्या आत, दाणा सांगून जायचा: इथं उष्णता इतकी, ओल इतकी, वाफेचा दाब इतका. ते सगळं ऐकून जुळवाजुळव करणारी जी संगणकयंत्रणा होती, तिचं कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक इंग्रजी होतं. शेडनं दुसऱ्याच दिवशी तिला 'पंडित' करून टाकलं.

पण दाण्यांना साच्यात काय घडलं तेवढंच ठाऊक. माल चांगला निघाला की वाईट, हे पंडिताला माणसानंच सांगावं लागतं. तेच त्याचं शिक्षण. राजमतीच्या गळ्यात एक लहानसा माइक अडकवला होता. तिनं टोला द्यायचा आणि शब्द बोलायचा: 'चांगलं' किंवा 'रद्द'. असे हजारो शब्द ऐकून पंडित शिकत होता की कसल्या साच्यातून कसला माल निघतो. आठ महिने ही शिकवणी चालली होती. पहिल्या महिन्यात त्यानं राजमतीची नोंद 'पुरुष' अशी केली होती, कारण ती चारचौघींसारखी कोल्हापुरी बाई होती आणि 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. तेव्हाच कुणीतरी सावध व्हायला हवं होतं. कुणी झालं नाही.

दाणे खरं बोलत होते. खोटं बोलायला तिथं माणसं होती, आणि माणसांना खोटं बोलायला कंपनीनंच लावलं होतं.

दारातच एक भलामोठा फलक होता: 'शिकणारा कारखाना, जिंकणारा कारखाना'. त्याच्या खाली एक फळा. त्यावर सगळ्या कामगारांची नावं आणि नावांपुढं लाल शेरे. ज्याच्या हातचं कास्टिंग रद्द झालं त्याला लाल शेरा. तीन शेरे झाले की शेडमधून काढून गेटवर खुर्चीत बसवायचं, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून. महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रशिक्षण असायचं. पडद्यावर बाण आणि गोल, हातात सामोसा, वहीत सही, मग डुलकी. कुणी प्रश्न विचारलाच तर उत्तर पुढच्या सत्रात. याला ते शिकण्याची संस्कृती म्हणायचे. मेंढरांना हाकतात त्यात याहून जास्त संस्कृती असते.

दुपारी राजमती दर्जा खात्याच्या काचेच्या खोलीत गेली. तिथं मिहिर पटवर्धन बसायचा. वय एकोणतीस, स्वभावानं सज्जन, आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून पंडिताबरोबरच आलेला.

"साहेब, पंडित एवढं पाणी का मागाय लागलाय?"

"ताई, त्याला दिसतंय ना! जास्त ओल असलेल्या साच्यांतला माल चांगला निघतोय. हे बघा, तुमच्याच शब्दांवरून शिकलाय तो." पटवर्धननं पडदा तिच्याकडं वळवला. "'चांगलं' आणि 'चालतंय', दोन्ही एकाच खणात."

"एका खणात?"

"मग? चालतंय म्हणजे चांगलंच की."

राजमती समोरच्या स्टुलावर बसली. पडद्यावरच्या यादीत 'चालतंय'चे अकराशे चाळीस नंबर होते आणि त्यातले बहुतेक दोननं सुरू होत होते. दोन नंबरचं मळणीयंत्र. आण्णा.

"आणि एक आनंदाची बातमी," पटवर्धन म्हणाला. "शुक्रवारी चाचणी आहे. बस मंडळाच्या तपासनीस बाई येणार आहेत. त्यांनी सही केली की सोमवारपासून पंडितच माल पास करणार. तुमचा हात दुखायचा थांबेल बघा."

कोल्हापुरात 'चालतंय'ला किती अर्थ आहेत ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. लग्नाचं बोलावणं आलं, चालतंय की. गाडी बंद पडली, चालतंय. पायावर पाय पडला, चालतंय, त्यात काय. हातोडीच्या टेबलाशी मात्र त्याला एकच अर्थ होता: आत पोकळ आहे, पण शेरा कुणाला नको. राजमती 'चालतंय' म्हणाली की ते कास्टिंग घासाईत जायचं. दस्तगीर त्याला ग्राइंडरही लावायचा नाही. 'घासताना मोडलं' असं लिहून ते पुन्हा भट्टीत टाकायचा. बसला धोका नाही, माणसाला शेरा नाही, फळा पांढरा स्वच्छ. शेडनं मिळून काढलेली तोड होती ती. पण तिच्यात एक तिसराच कान लावून बसला होता आणि त्याला कोल्हापुरी येत नव्हतं.

आण्णांची वाळू दोन वर्षांपासून ओली पडत होती. सगळ्यांना माहीत होतं, सगळे सांभाळून घेत होते. ओल्या साच्यामागं 'चालतंय', ओल्या साच्यामागं 'चालतंय'. पंडितानं शेडची माया ऐकली आणि दर्जा म्हणून पाठ केली. आता तो सगळ्यांनाच आण्णांसारखी वाळू मळायला सांगत होता. आणि सोमवारनंतर मधे ना हातोडी असणार होती, ना दस्तगीरला 'चालतंय'ची खूण.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती कँटीनमध्ये आण्णांच्या समोर जाऊन बसली. चहावाल्यानं उकळता चहा ओतून दिला होता. आण्णांनी काचेचा गिलास मुठीत गच्च धरला होता.

"आण्णा, गिलास!"

त्यांनी खाली बघितलं. बोटं लालभडक झाली होती. त्यांनी गिलास सावकाश ठेवला, दुसऱ्याच कुणाचा हात भाजावा तसा.

"कधीपास्नं?" राजमतीनं विचारलं.

"दोन वर्सं झाली. डॉक्टर म्हणाला, तीस वर्सं साच्यात वाळू ठोकायची थरथरणारी ठोकणी धरलासा, बोटांतल्या शिरा मेल्या. कायबी कळत न्हाई बघ. वाळू काय आन् मऊ भात काय, सारखंच."

"मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तुला सांगून काय? तू रडत बसली असतीस, मग मलाच तुला चहा पाजाय लागला असता."

राजमतीला हसू आलं, पण ती कशाला आली होती ते बोलायलाच हवं होतं. तिनं सगळं सांगितलं: पंडित, खण, शुक्रवार, सोमवार.

आण्णांनी गिलास बाजूला सारला. मग म्हणाले, "चार म्हयनं राहिल्यात माझं. हार घालून शेडमधनं बाहेर पडायचं हाय, राजे. गेटवरच्या खुर्चीतनं न्हाई."

"म्हायती हाय."

"हातोडी तुझ्या हातात कुणी दिली?"

"तुमीच दिलासा. म्हणून तर आदी तुमच्याकडं आलो. न्हाईतर थेट साहेबाकडं गेलो असतो."

आण्णा उठले आणि चहा तसाच टाकून चालते झाले. तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

शुक्रवारी दहा वाजता शेड धुऊन काढली होती. मालक कुबेर नरदे पांढऱ्याशुभ्र शर्टात आले. त्यांच्याबरोबर ज्योत्स्ना वाघमोडे होत्या, बस मंडळाच्या तपासनीस. ठेंगण्या, चष्मेवाल्या, नजर अशी की आपल्या खिशात काय आहे ते कळावं. एका टेबलावर नारळ होता आणि पेढ्यांचं ताट. पंडिताच्या सांगण्याप्रमाणं मळलेल्या वाळूतून ओतलेली चाळीस कास्टिंगं आकड्यांना लटकत होती.

"चाळीसपैकी चाळीस चांगली," पंडित म्हणाला. "अभिनंदन."

"राजमती, तू आपली दोन टोलं दे," नरदे म्हणाले. "रीत म्हणून. मग पेढं वाटू."

राजमतीनं हातोडी उचलली. पहिला टोला दिला. बद्द.

सगळ्या शेडला तो आवाज ऐकू गेला. तिथल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक होता आणि आता तिच्या तोंडातून कुठला शब्द निघतोय याची सगळे वाट बघत होते. तिनं आण्णांकडं बघितलं. आण्णा जमिनीकडं बघत होते.

"रद्द," राजमती म्हणाली.

दुसरा टोला. "रद्द." तिसरं तेवढं वाजलं, "चांगलं." चौथं रद्द, पाचवं रद्द. नरद्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चाळीस टोले झाले तेव्हा एकोणतीस रद्द होती.

"पंडित बिघडला," पटवर्धन पुटपुटला.

"न्हाई साहेब. पंडित हुशार हाय. म्या बिघडवला त्याला." आणि तिनं मायकात तोंड घालून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, 'चालतंय'चा अर्थ सांगितला.

"आठ महिने तू खोटं बोलत होतीस?" नरदे गरजले.

"व्हय मालक. तुमचा फळा बघत बोलत हुतो."

तेवढ्यात पटवर्धन अगदी खऱ्याखुऱ्या दुःखानं म्हणाला, "पण... चालतंय म्हणजे चांगलं असं नाही का?"

आधी दस्तगीर फुटला. मग भट्टीवरचे, मग साच्यांवरचे. हसून हसून माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडली. वाघमोडे बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या मूळच्या गडहिंग्लजच्या होत्या, त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती.

हसू ओसरलं तेव्हा आण्णा पुढं येऊन उभे होते. दोन्ही पंजे वर करून, पोलिसाला शरण गेल्यासारखे.

"तिचं काय चुकलं न्हाई. वाळू माझी हाय. ही बोटं दोन वर्सांपास्नं बधिर हायत. मी बोललो न्हाई, कारण लाज वाटली. आता बसवा मला त्या खुर्चीत."

"आण्णा एकटेच न्हाईत," दस्तगीर म्हणाला. "मोडलं, मोडलं म्हणून हजारभर माल मी भट्टीत टाकलाय. माझा एक हात काय कास्टिंगं मोडायचं मशीन हाय काय? कुणी इचारलं बी न्हाई!"

भट्टीवरून कुणीतरी ओरडलं की रस थंड असला तरी आपण ओततो. दुसरं कुणी म्हणालं, माती संपली की आपण बाजूच्या पाळीची उचलतो. भंडाऱ्याला प्रसादासाठी उडावी तशी झुंबड उडाली. ज्याला त्याला आपली चूक आधी सांगायची होती.

वाघमोडे बाईंनी हात वर केला. "सही मी करणार नाही. पण ज्या कारखान्यात एकही चूक सापडत नाही, तिथं मी दोनदा जाते. इथं आज सापडल्या. महिनाभर हातोडी चालू ठेवा, पंडिताला खरं शिकवा. मी परत येते."

"शिकवतो की," राजमती म्हणाली. "पर आदी त्यो फळा काडा. फळा हाय तवर एक शब्द बोलणार न्हाई."

दीडशे माणसं हाताची घडी घालून उभी राहिली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. नरद्यांनी पटवर्धनकडं बघितलं. पटवर्धनचा चेहरा उतरला होता.

"सर, मलाही सांगायचंय. तिसऱ्याच महिन्यात मला आकडे विचित्र दिसले होते. जास्त पाण्यानं माल सुधारेल कसा? पण मुख्य कचेरीत आमच्याही नावांचा एक फळा आहे."

नरदे फळ्याकडं वळले. तो त्यांनी स्वतः लावला होता, नारळ फोडून. शेवटी ते वैतागून म्हणाले, "काढा तिच्यायला!"

पटवर्धन पान्हा घेऊन धावला, पण बोल्ट गंजले होते. "सरका साहेब," दस्तगीर म्हणाला आणि त्यानं ग्राइंडर चालू केला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तो कामासाठी जागेवरून हलला असेल. ठिणग्यांचा पाऊस पडला, फळा धाडकन खाली आला, आणि पेढ्यांचं ताट कुणी वाटायच्या आधीच रिकामं झालं.

पुढचा महिना त्या शेडनं आयुष्यात केली नसेल एवढी मजा केली. रोज तीन वाजता यंत्रं अर्धा तास थांबायची. ज्याचं कास्टिंग रद्द झालं असेल त्यानं ते घणानं फोडायचं, पोटातली पोकळी सगळ्यांना दाखवायची आणि काय झालं ते सांगायचं. पंडित ऐकायचा. दुसऱ्या आठवड्यात भट्टीवाले तक्रार करायला लागले की साच्यावाल्यांनाच जास्त वेळ मिळतो, आमच्या चुका काय कमी आहेत का! पटवर्धन जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि लिहून घ्यायचा. त्याच्या वहीत 'चालतंय'ला चौदा अर्थ झाले, आणि पंधराव्यावर अजून वाद होता.

आण्णांना खुर्चीत कुणी बसवलं नाही. बोटं गेली होती, पण एक दिवस त्यांनी वाळूचा गोळा गालाला लावला आणि म्हणाले, "तीन. सव्वातीनला कमी हाय." दाण्यांनी नंतर सांगितलं: तीन पूर्णांक एक. पंडितानं पन्नास गोळे तपासले. आण्णांचा गाल पाव टक्क्यापलीकडं कधी चुकला नाही. तेव्हापासून आण्णा रोज गुळगुळीत दाढी करून यायला लागले. "मीटर साफ ठेवाय लागतोय," ते म्हणायचे. आणि साच्यांवरच्या दहा जणांना त्यांनी गालाची शिकवणी लावून दिली. दाढीवाल्यांनी कपाळ वापरायचं ठरलं.

राजमतीशी ते पुन्हा बोलले होते ते फळा पडला त्याच शुक्रवारी संध्याकाळी. "माझ्याकडं न बघता बोलली असतीस तर बरं झालं असतं," म्हणाले. "बघितलीस म्हणून पुढं याय लागलं." आणि आपल्या वाटणीचा पेढा तिच्या हातावर ठेवला.

महिन्यानं वाघमोडे बाई आल्या. पुन्हा चाळीस कास्टिंगं लटकली. पंडितानं दाण्यांचं ऐकलं आणि बोलायला लागला. अडतीस चांगली. एक रद्द, पोटात डावीकडं पोकळी. राजमतीची हातोडी मागोमाग पडत होती आणि एकदाही त्याच्याशी भांडली नाही.

चाळीसाव्या कास्टिंगपाशी पंडित थांबला.

"हे मला कळत नाही," तो म्हणाला. "कुणीतरी सांगा."

इतक्या महिन्यांत पंडित असं कधी बोलला नव्हता. ऐन तपासणीत यंत्र बंद पडलं असं वाटून पटवर्धन बटणांकडं धावला. वाघमोडे बाईंनी त्याची बाही धरली.

"थांबा हो. आता कुठं शिकायला लागलाय तो." त्यांनी कागद पुढं ओढला आणि सही करता करता म्हणाल्या, "त्याला कळत नसेल तिथं हातोडी. असं लिहिते मी यात. कायमचं."

राजमतीनं टोला दिला. आवाज निघाला, पण कसलातरीच. घंटाही नव्हे, बद्दही नव्हे. तिनं पुन्हा टोला दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा मायकात म्हणाली, "मला बी कळंना झालंय. या रं सगळी."

सगळी शेड आली. आण्णा म्हणाले वाळू कोरडी होती, दस्तगीर म्हणाला रस थंड होता, भट्टीवाले म्हणाले तुझं तोंड थंड होतं, पटवर्धन सांगत होता की आवाजाचा आलेख काढू, आणि नरदे मालक बाह्या सरसावून घण शोधत होते.

"कृपया एकेकाने बोलावे," पंडित म्हणाला.

कोण ऐकतंय!